काकांची कोरडी फक्की आणि माझा ग्लास

चहा खाली ठेवा, आधी हे ऐका! अकोटचे एक काका आमच्या वॉर्डात होते, चार दिवस पोट साफ नव्हतं. मी नवी नर्स, शिकवायची भारी हौस. इसबगोल कसं घ्यायचं ते सांगून मी वळले, तेवढ्यात काकांनी चमचाभर भुसा तंबाखूसारखा कोरडाच तोंडात टाकला! घसा धरला, डोळे पांढरे. मी त्यांना पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं.

"काका, पाणी कुठंय?"

"सकाळी पेलो ना!"

"अहो, कोरडा भुसा घशात फुगतो. ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर अजून एक ग्लास. दिवसभरही पाणी प्यायचं, नाहीतर पोट आणखी अडतं. आता तुम्ही सांगा बघू."

काकांनी बिनचूक सांगितलं. मी खूश!

"पोरी, तू किती पाणी पेली आज?"

"ड्युटीत वेळ कुठे मिळतो काका?"

काकांनी ग्लास भरून पुढे केला. "मले शिकवून राह्यली? पे आदी!"

अख्ख्या वॉर्डासमोर मी प्यायले. रोज पाजलं त्यांनी.

तिसऱ्या दिवशी काकांचं पोट साफ झालं. आणि खरं सांगू? माझंही!