चार नंबरची पाटी

(रेल्वे संग्रहालयाचं आवार. नव्यानं रंगवलेलं वाफेचं इंजिन. समोर निवृत्त ड्रायव्हर, त्यांची बायको आणि तिचा धाकटा भाऊ. हा भाऊ त्याच शेडमध्ये फिटर होता.)

ड्रायव्हर : ...आणि भाषणाच्या शेवटी म्हणणार, ही सहा इंजिनं म्हणजे एकाच साच्यातल्या सहा बहिणी, पण चार नंबर ती राणी. बाकीची खोगीरभरती. आणा पाटी, मेहुणेबुवा. पाहुणे येतीलच.

फिटर : देतो हो. भाषण एकदा पुन्हा म्हणा ना.

बायको : चौथ्यांदा? एरवी त्यांनी तोंड उघडलं की तुला जांभई येते.

ड्रायव्हर : पाटी छातीशी काय कवटाळलीय? बरं, चाकं बघा. माझ्या खांद्याला लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांना कळत होतं, प्रवासी गाडी पळवायची तर चाक उंचच हवं. आणि चाकांना जोडणारा हा दांडा... इथं रंगाखाली काय ठोकलंय?

बायको : दोनचा आकडा.

फिटर : शेडमध्ये दांडे इकडचे तिकडे व्हायचेच, भावोजी.

ड्रायव्हर : चाकावरही दोन. पलीकडच्या दांड्यावरही दोन. सगळा देह दोनचा आणि पाटी तेवढी चारची? माझ्याकडे बघून बोला.

फिटर : ते तपासणीचे साहेब आले होते ना, चार नंबर बघायला. तिचा बॉयलर उघडून ठेवलेला. शेजारी दोन नंबर तयार उभी. मी पाट्या बदलल्या. एका दिवसापुरत्या.

ड्रायव्हर : तो दिवस मावळला कधी?

फिटर : नाही मावळला. तुम्ही निवृत्त झालात, त्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट.

ड्रायव्हर : म्हणजे अकरा वर्षं मी त्या दोन नंबरच्या म्हशीला राणी...

बायको : हळू बोला. ती समोर उभी आहे.

ड्रायव्हर : दुसऱ्या दिवशी पाट्या परत का नाही लावल्यात?

फिटर : दुसऱ्या दिवशी तुम्ही फेरी करून आलात आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. म्हणालात, राणी वाऱ्यासारखी पळाली, तुमच्या हातात जादू आहे. ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तोवर तुमच्या तोंडून माझ्यासाठी एक गोड शब्द निघाला नव्हता. पाटीला पान्हा लावायला हात धजेना.

ड्रायव्हर : काय दुरुस्ती केली होती तुम्ही?

फिटर : पाटीचे दोन बोल्ट आवळले होते.

ड्रायव्हर : आणि तुला हे ठाऊक होतं?

बायको : त्यानं तेव्हाच सांगितलं.

ड्रायव्हर : आणि तू गप्प राहिलीस.

बायको : कुणाची चहाडी करायची नाही, हा माझा नेम. विचारलंत तर खोटं बोलायचं नाही, हाही नेम. तुम्ही विचारलंच नाहीत.

ड्रायव्हर : असं कोण विचारतं गं? जेवता जेवता, की बाई, माझं इंजिन तेच आहे ना? ...थांबा. मग दोन नंबर मोडीत काढा म्हणून मी तीनदा अर्ज केला, तेव्हा मोडीत गेली कोण?

फिटर : तुमची राणी.

ड्रायव्हर : मी शेडभर चहा पाजला हो त्या दिवशी.

फिटर : मी पोट बिघडलंय म्हणून घेतला नव्हता.

ड्रायव्हर : आणि घाटात, धो धो पावसात, मागून ढकलायला दुसरं इंजिन नसताना चौदा डबे ओढून वर आली, ती?

फिटर : हीच. पाट्या बदलून चार वर्षं झाली होती.

ड्रायव्हर : त्या चढावर मी तिला म्हणत होतो, चल माझे राणी, त्या दोन नंबरला हे सात जन्मांत जमलं नसतं.

बायको : तरी चढली बिचारी.

फिटर : भावोजी, फाटकाशी पाहुण्यांच्या गाड्या थांबल्यात. काय करू? दोनची पाटीही आहे पिशवीत. मोडीत जाऊ दिली नव्हती मी.

ड्रायव्हर : दोनचीच द्या.

फिटर : आणि भाषण?

ड्रायव्हर : भाषण कसलं, हिची माफी मागेन. पाहुण्यांना ऐकायची तर ऐकोत. धरा सरळ. पान्हा मी मारतो, तुमची जादू पुरे. ...अगं, मी न विचारलेलं आणखी काही आहे का?

बायको : भाषण झालं की विचारा.