जरा वाईट लिहू का?

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन शिक्षिका बोलत होत्या.

“सातवीला म्हटलं, आपल्या चपलेवर निबंध लिहा. एकीने लिहिलं, ‘चप्पल तुटली की शाळा लांब जाते.’ मला वाटलं, हे एआयनेच लिहून दिलंय.”

“मग?”

“समोर बसवून पुन्हा लिहायला लावलं. पोरीने आधीपेक्षा झकास लिहिलं!”

“म्हणजे तिचंच होतं?”

“तिचंच गं. मी ओशाळलेच. तर पोरगी हळूच म्हणते, ‘बाई, पुढच्या वेळी जरा वाईट लिहू का? म्हणजे तुम्हाला खरं वाटेल.’”

“अगंबाई! तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? हेडबाई विचारतात, ‘हे पोरांनीच लिहिलंय ना?’, पालकही तेच विचारतात, मलाच काही कळेनासं झालंय...”

“अगं, पण तिला काय सांगितलंस?”

“‘हो’ म्हणाले.”