एक पिन, सहा ब्लाऊज

...आणि पुन्हा तेच, मान वर न करता तो मोबाईल दुरुस्तीवाला म्हणतो, "मावशी, उद्या या." तुम्हाला सांगते, धुळ्याला देवपुरात बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी, रत्ना टेलर म्हणून कुणालाही विचारा, तर 'उद्या या' म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मी स्वतः रोज चार बायकांना म्हणते, पण माझं उद्या म्हणजे फार तर परवा असतं... बरं, लग्नसराईत आठवडा. पण महिना? चार्जिंगच्या एका पिनेसाठी महिना?

आता तुम्ही म्हणाल, या वयात गेम कशाला हवा हिला. माझा नाहीच हो तो. माझ्या मुलीचा. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो हातात धरून खेळायचा गेम कपाटात पडला, मध्ये पडदा, दोन्हीकडे बटणं. आणि गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना, ताईबाईंना, लकवा मारला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबत राहा. आता जन्मभर कांदे निंदलेली बाई चेंडू दाबत बसेल का? दोन दिवसांत त्यांनी तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. मग मी हा गेम दिला हातात. वरून फळं पडतात, बटण दाबून खालची टोपली सरकवायची, एवढंच. मोबाईलच्या काचेवर बोट टेकलंय की नाही ते त्यांना समजत नव्हतं, बटण कसं, दाबलं की कळतं. तीन महिन्यांत अंगठा हलला. मग शेजारचं बोट. एक दिवस उजव्या हाताने कप उचलून अख्खा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, साखर कमी होती. मी आत जाऊन रडले. साखरेसाठी नाही.

आणि मग तो मोडला. कुणी मोडला? मीच. लपवायचं काय त्यात. गेम चार्जिंगला लावलेला, दारात गिऱ्हाईक आलं, मी मशीनवरून उठले, वायर पायात अडकली आणि गेम पलंगावरून खाली. वायर जिथे जाते ते भोक वाकडं झालं, दुकानदार त्यालाच पिन म्हणतात. मग काय, वायर तिरकी धरली तरच चार्ज. तिच्याखाली अस्तराची घडी ठेवायची, वरून इस्त्री ठेवून दाबायची, थंड इस्त्री हं, आणि घरात कुणी जोरात पाऊल टाकायचं नाही. चार दिवस आम्ही मांजरासारखे चाललो. पाचव्या दिवशी तेही बंद.

गेले आग्रा रोडला. पहिला दुकानदार म्हणे मोबाईलच करतो, दुसरा म्हणे फेकून द्या, तिसरा हा अखिल. गोरागोमटा, केसाला तेल, म्हणाला, फक्त पिन बदलायची आहे, दोन दिवसांत देतो. दोन दिवसांनी गेले, उद्या या. उद्या गेले, पार्ट जळगावहून येतोय, उद्या या. अहो, जळगाव काय विलायतेत आहे? पुढच्या आठवड्यात नणंदेकडे जळगावला जाणं झालंच, तर तिथे बाजारात विचारलं, पहिल्याच दुकानात ती पिन मिळाली, डाळीच्या दाण्याएवढी. पर्समध्ये सुयांच्या डबीत ठेवून आणली, त्याच्या काउंटरवर आपटली. त्याने ती उलटसुलट पाहिली, ड्रॉवरमध्ये टाकली, आणि म्हणाला... तुम्हीच सांगा काय म्हणाला असेल.

इकडे ताईबाईंची बोटं पुन्हा आखडायला लागली. कप डाव्या हातात गेला. सकाळ-संध्याकाळ एकच, "रत्ना, मना गेम कोठे शे?" मी म्हणायची, उद्या येईल. मग उशीकडे बघत म्हणायच्या, "बठ्ठा फळे सडी गयात व्हतीन." सगळी फळं सडली असतील म्हणे! मला त्या दिवशी जो राग चढला ना... मनातल्या मनात मी त्या अखिलचे किती तुकडे कापले असतील, आडवे, उभे, तिरके.

आणि देव बघा कसा असतो. दोनच दिवसांनी दारात एक भाभी. कुसुमलताभाभी, लालचंदशेठच्या घरच्या, सोबत सहा ब्लाऊजपीस. मुलाचं लग्न आहे म्हणाल्या, नेहमीचा टेलर गावाला गेलाय. मी माप घेता घेता सहज विचारलं, मुलगा काय करतो? म्हणाल्या, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आग्रा रोडला, माझा अखिल फार शब्दाचा पक्का आहे.

तुम्हाला सांगते, मी टेप गळ्यात अडकवली. आनंदाने. मी म्हटलं, भाभी, तुम्ही काळजीच करू नका, उद्या या.

उद्या आल्या, म्हटलं हुक राहिलेत, उद्या या. परवा आल्या, म्हटलं अस्तर जळगावहून येतंय. आणि तेवढ्यावर माझं भागेना. सहाही ब्लाऊज मी केव्हाच शिवले होते आणि प्रत्येकाच्या बाहीचा घेर, मापापेक्षा अर्धा इंच कमी. मुद्दाम. आईला हात वर करता येऊ नये भर लग्नात, पोराला ओवाळताना ताट छातीच्या वर जाऊ नये. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं माप चोरलं. तरी सवयीने शिवणीच्या आत माया ठेवली होती बरं का, पुढे उसवून सैल करता येईल एवढं जास्तीचं कापड. सूड घेतानाही माया ठेवणारी बाई आहे मी.

चौथ्या दिवशी लग्न दोन दिवसांवर आलं, तेव्हा भाभींनी मुलालाच धाडलं. अखिल दारात. मला बघितलं आणि चेहरा असा उतरला. मी मशीन थांबवलं नाही. म्हटलं, भाऊ, उद्या या. तो तिथेच उभा. मग त्याचं लक्ष पलंगाकडे गेलं. ताईबाई उजवी बोटं डाव्या हाताने एकेक करून उघडत बसल्या होत्या. त्याने विचारलं, गेम यांचा आहे का. मी म्हटलं, मग काय माझा.

खाली बसला तो उंबऱ्यावर. म्हणाला, "मावशी, जुनी पिन काढताना बोर्डावरची पट्टी उखडली माझ्याकडून. पहिल्याच दिवशी. केसासारखी तार जोडायची आहे, चारदा बसलो, माझा हात थरथरतो. सांगायचा धीर झाला नाही."

महिनाभर. महिनाभर 'उद्या या' म्हणजे हे होतं. मी शिवी देणार होते, चांगली निवडून ठेवलेली होती, पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, हात माझा थरथरत नाही. चल.

भर दुपारी त्याच्या दुकानात, ते डोळा लावायचं यंत्र, खाली बोर्ड, गल्ल्या-बोळांसारखा. तो कुठे धरायचं ते सांगतोय, मी चिमट्याने तार धरलीय, श्वास रोखून, तो त्या तापलेल्या टोकाने डाग देतोय. अहो, बटणाच्या काजाहून अवघड काय असतं त्यात? दोन वेळा निसटली, तिसऱ्यांदा बसली. वायर लावली आणि नारिंगी दिवा लागला. अखिलच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, पण माझं त्या धुराने.

घरी येताना मनाशी ठरवलं, गेल्या गेल्या बाह्या उसवायच्या, माया सोडायची. दारात पाऊल टाकते तर ब्लाऊजची पिशवी नाही. भाभी येऊन गेल्या आणि ताईबाईंनी पिशवी देऊन टाकली. वर मला म्हणतात, बाई फार गरजू दिसत होती. मी त्यांच्या हातात गेम ठेवला. पहिली तीन फळं खाली पडली. चौथं टोपलीत. मग त्यांनी मला हाक मारायचंच सोडलं.

लग्नाला आमंत्रण होतं. पर्समध्ये कात्री, सुई, दोरा घेऊन गेले, तोंड लपवत मागच्या खुर्चीवर बसले. ओवाळायची वेळ आली, भाभींचं ताट वर चढेना, कोपरं अंगाला चिकटलेली, मी डोळे मिटले. उघडते तो भाभी माझ्यासमोर, मागे सात बायका, एकीहून एक भरदार.

"रत्नाबाई," भाभी म्हणाल्या, "आजवर सगळ्यांनी मला उशीचे अभ्रे शिवून दिले. असं फिटिंग पहिल्यांदा. या सगळ्या माझ्या जावा-नणंदा, यांना अस्संच पाहिजे."

तर आता बसलेय. प्रत्येकीचे चार, म्हणजे अठ्ठावीस ब्लाऊज, आणि बायका दंड पुढे करून सांगतात, अजून आवळा, अजून आवळा. सूड घेतला हो मी, नाही म्हणत नाही, पण तो शिवायला पण मलाच बसावं लागलंय.