ओल्या वाळूचा पाइप

पाइप घरीच वाकवायचं म्हणताय, तर राव, आमच्या डिंभ्यात दादाचं काय झालं ते ऐका. आमच्या वडलांना, आबांना, लकवा झाला व्हता. संडासात धरायला त्यांना वाकडा पाइप पायजे व्हता. मशीन नाय, म्हणून दादानं जाळावर तापवून वाकवताना पाइप चेपू नये यासाठी त्यात वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली.

वहिनी म्हणली, "अवो, वाळू ओली हाय."

"जाळावर वाळंल की," दादा म्हणला.

पाइप तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि बूच सुटून दादाच्या तोंडावर आलं. उजवा डोळा गेला.

आबांनी नंतर पाइपाचं नाव काढलं नाय. पाणी मात्र घोटभरच पितात. वहिनीनं तांब्या पुढं केला की म्हणतात, "तहान न्हाई गं. प्यालो की मग संडासात न्यायला कुणाला तरी उठवावं लागतं."