थोरल्या दिराचा चौकोन

नाही भावोजी, चहा संपवा आधी – आणि कुजबुजता कशाला? तुमच्या भावाची वाचा गेलीय, कान नाही गेले. भिंतीपलीकडे बसून सगळं ऐकतायत. उद्या नातीची पाठवणी करताना बाता, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, कोण देणार, हेच ना? तेच देणार! तीस वर्षं अख्ख्या नारिन भागात तुम्हीच सांगत होता, वयानं मी थोरला, पण आशीर्वाद द्यावा तर माझ्या धाकट्यानं – मग अर्धांगाच्या झटक्यानं उजवं अंग गेलं, तर आशीर्वादही लुळा पडला? काय म्हणता – बाईचा आवाज? हो, माझाच आहे. दवाखान्यातून मिळालेल्या या टॅबवर चौकोन दाबला की शब्द ऐकू येतो, पण त्याला रशियन येत होतं, आपलं किरगिझ येत नव्हतं. मग चारशे शब्द मीच बोलून भरले. पण चौकोन दाबणारं बोट त्यांचं. उद्याची बारा वाक्यं त्यांनी डाव्या हातानं जुळवलीत, एकोणीस दिवस लागले – मी आपलं ‘सुखी राहा’ घातलं, तर ते पुसायला लावून ‘तुझ्या चुलीचा धूर कधी थांबू नये’ असं बसवलं. डोकं गेलेला माणूस असं करतो?

हां – आता आलं पोटातलं ओठावर. सगळ्यांना हाक मारतो, कुत्र्यालासुद्धा, फक्त मला नाही. म्हणजे मला विसरला – असंच वाटतं ना तुम्हाला? अहो, तुमचं नाव भरणार कोण? या घरात सून होऊन एक्केचाळीस वर्षं झाली, थोरल्या दिराचं नाव कधी तोंडातून काढलं? सासूबाईंनी शिकवलं तसं ‘पांढऱ्या घोड्याचे’ म्हणत आले – मग चौकोनात काय बोलू, घोडा? तो रिकामाच राहिला. हे रोज त्यावर बोट ठेवायचे, मग खिडकीतून तुमच्या घराकडे बघायचे – मला वाटायचं, थंडी वाजतेय, खिडकी लावायची असेल – नाही. खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. लेक म्हणाली, आई, तुला नाव घेता येत नाही तर मी भरते. मीच नको म्हटलं. रीत पुढे केली. रीत कसली! हे दवाखान्यात पडलेले, आणि तुम्ही आमच्याच अंगणात उभं राहून म्हणालात – हा आता संपला, याच्या मेंढ्या माझ्या कळपात घाला. ऐकलं मी. म्हणून आठ महिने तुम्हाला हाक मारू दिली नाही त्यांना. हो, मीच. आणि लाजही वाटत नव्हती – आत्तापर्यंत.

थांबा, टोपी नका घालू. हा टॅब, हा तुमचा रिकामा चौकोन. ऐका – अब्दिल्दा!

झालं. आभाळ कोसळलं? धरा हे, आत जा, आणि तुमच्या हातानं द्या त्यांना. उद्या ते बाता देतील, तुम्ही शेजारी बसून तळवे पसरायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘ओमीन’, तसंच होवो, म्हणायचं. जमणार नसेल, तर दार तुम्हाला माहीत आहे.