हळदीची लाल चूळ

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, आणि या सभागृहात पहिल्यांदाच हातात फडकं न घेता बसलेल्या आमच्या मावशी,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. दंतवैद्याला समोरच्याचं तोंड उघडायची सवय, स्वतःचं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आज निवृत्त होणाऱ्या मावशींनी आपल्या दातांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं साफसफाई केली. त्यातलं शेवटचं वर्ष मी त्यांना फार छळलं. कारण हळद. हळदीतल्या कर्क्युमिनच्या चुळीने सुजलेल्या हिरड्यांना आराम पडतो का, हे मी तपासत होतो. जादू वगैरे काही नाही हो, दात घासणं कुणालाच चुकत नाही. पण सूज थोडी उतरताना दिसत होती. आमची पांढरी बेसिनं मात्र पिवळीधमक झाली, आणि मी रोज मावशींच्या मागे, "मावशी, इथे डाग राहिलाय."

त्याच सुमारास माझ्या वडिलांच्या हिरड्या सुजल्या. बाबांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. ताई म्हणाली, "तुझे प्रयोग घरच्यांवर नकोत." मी हट्टाने त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि बाबांना खुर्चीत बसवलं. बाबांनी खळखळून चूळ भरली, थुंकले, आणि बेसिन लालभडक झालं.

काय वाटलं असेल मला, सांगा? रक्तच ते, आणि गोळ्यांमुळे लवकर थांबायचंही नाही. बाबा हळूच म्हणाले, "ताईला सांगू नकोस." ते ऐकून तर मी पुरता खचलो. एका हाताने त्यांच्या तोंडात कापूस कोंबत होतो, दुसऱ्या हाताने फोन शोधत होतो.

तेवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. ते रक्त नाही. माझी चूक आहे."

डाग जाईनात म्हणून त्यांनी बेसिन धुण्याच्या सोड्याने घासलं होतं आणि घाईत वर पाणी ओतायचं राहिलं होतं. त्यांनी पेल्यात उरलेल्या चुळीत चिमूटभर सोडा टाकला. पिवळं पाणी आमच्या डोळ्यांदेखत लाल झालं. "हळदीच्या डागाला साबण लावला की होतं ना, तसंच," त्या म्हणाल्या. मी बाबांच्या तोंडातला कापूस काढला. तो नुसता पिवळा होता.

मी स्टुलावर बसून चक्क रडलो. इतकं हलकं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले, "आता ताईला सांगितलंस तरी चालेल."

मंडळी, सोडा वापरायला मनाई होती. भिंतीवर माझ्याच सहीची चिठ्ठी होती. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या मावशी दारातूनच परत फिरल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? बाबांना आपणच इजा केली, या समजुतीत मी जन्मभर राहिलो असतो. ते बघा, पहिल्या रांगेत बसलेत, ताईला बरोबर घेऊन.

अध्यक्ष महोदयांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आपली चूक आपणच सांगावी, हे मी मावशींकडून शिकलो, म्हणून एक सांगूनच बसतो. मावशी, त्या दिवशी डोळे पुसून मी पहिलं वाक्य बोललो ते होतं, "चिठ्ठी वाचता येत नाही का?" आभार मानायचे राहूनच गेले. ते आज, सगळ्यांसमोर, मानतो.