बिनखिडकीचं बाथरूम

(इराकी सैन्याच्या ताब्यातलं कुवेत, हवल्ली वस्ती, जानेवारी १९९१. दुपार. विजयकुमार बाथरूममध्ये, खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरपाशी पान्हा घेऊन उकिडवा बसलेला, बाजूला गादी. दारात त्याची बायको चारुशीला, कडेवर सात महिन्यांची ज्ञानदा.)

चारुशीला : आणि त्या दुसऱ्या टोकाचं काय?

विजयकुमार : कुठलं दुसरं टोक?

चारुशीला : इकडची चावी बंद केलीत. तिकडे खाली ते पांढरं टोपण आहे, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

विजयकुमार : अगं, ते नुसतं शोभेचं. बॉयलर सकाळपासून बंद आहे. रेडिएटरमध्ये पाणी इकडून येतं. येणं बंद केलं की विषय संपला.

चारुशीला : आणि जातं कुठून?

विजयकुमार : चारू, मी अकरा वर्षं रिफायनरीच्या पाइपलाइनी काढतोय.

चारुशीला : कागदावर! घरातला नळ गळला की खालच्या रखवालदाराला, त्या हारिसला, हाका मारायचात.

विजयकुमार : हारिस ऑगस्टातच पळाला. आता मीच आहे.

चारुशीला : दिसतंय ना.

विजयकुमार : ते घमेलं सरकव. हं... सुटला बघ नट. आता फार तर दोन-चार थेंब—

चारुशीला : अहो! काळं पाणी! माझी गादी!

विजयकुमार : ओढ, ओढ ती बाहेर! पान्हा कुठे गेला?

चारुशीला : तुमच्या हातात आहे!

शामला : (बाहेरून) चारुशीला! अगो, दार उघड! खाली माझ्या ओट्यावर काळं पाणी ठिबकतंय. आत्ता पीठ मळून ठेवलं होतं!

चारुशीला : या शामलाताई. बघा आमच्या इंजिनिअरसाहेबांचं काम.

शामला : अगो बाई! विजयभाऊ, परतीची चावी कोण बंद करणार? आमच्या हॉस्पिटलात वॉर्डातला काढला तेव्हा तो इजिप्तचा मिस्त्री आधी टोपण उपटून मोकळा झाला. त्याखाली चावी असते, ती पान्ह्याने आवळायची. चौथी शिकलेला होता हो तो!

विजयकुमार : आवळतोय... झाली. थांबलं पाणी.

शामला : न थांबून सांगतंय कुणाला? होतं तेवढं माझ्या पिठात गेलं. पण ऐन थंडीत हा काढायचा कशाला?

चारुशीला : बिनखिडकीची जागा घरात ही एवढीच. पंधरा तारखेला अमेरिकेची मुदत संपते; मग बॉम्ब पडले, गॅस सोडला, तर बाळाला घेऊन इथे बसायचं, दाराच्या फटींना टेप लावून. गादी या लोखंडाला अडते. सप्टेंबरात आपले सगळे लोक बसने अम्मानला गेले, तिथून विमानाने मुंबईला. तेव्हा हे म्हणाले, दोन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल. दोन आठवडे!

विजयकुमार : तीन महिन्यांच्या पोरीला वाळवंटातून बसने नेलं असतंस?

चारुशीला : शेजारच्या रहिमाने जुळी नेली. एकटीने.

शामला : चालू द्या तुमचं. मी ओटा पुसते. आणि भाऊ, आता बाकी कशाला हात लावू नका हो.

विजयकुमार : गेल्या? बरं झालं. ज्ञानदाला खाली ठेव आणि इकडून धर. तिरपा कर, आतलं पाणी घमेल्यात... हं. उचल. निघाला!

चारुशीला : भिंतीचा रंगही घेऊन निघाला. सरका, गादी घालू दे. उलटी घालते, ओली बाजू खाली... बसली. पण अहो, ही एकेरी गादी. तुम्ही कुठे झोपणार?

विजयकुमार : मी मोजलंय सगळं. तू आणि ज्ञानदा आरामात मावता.

चारुशीला : मी काय विचारलं?

विजयकुमार : मी हॉलमध्ये. इराकी शिपाई आले, दार ठोठावलं, तर उघडायला कुणी नको?

चारुशीला : आणि उघडून काय करणार? त्यांना पाइपलाइनींचे नकाशे दाखवणार?

विजयकुमार : चारू, जागाच नाही गं. दोनदा मोजलं.

चारुशीला : कधी?

विजयकुमार : परवा. तू हिला भरवत होतीस तेव्हा.

चारुशीला : परवापासून माहीत होतं तुम्हाला. आणि मघापासून टोपणावरून माझ्याशी वाद घालताय.

विजयकुमार : काय सांगणार होतो?

चारुशीला : घरात माणसं तीन, आणि तुम्ही मोजलीत दोन. असले हिशेब कंपनीत चालत असतील.

विजयकुमार : मग काय करू, सांग.

चारुशीला : ते बेसिनही काढा.